अंगाचं वजन की केटलबेल? घरच्या व्यायामाचा पै-पैचा हिशेब

लोखंडाचा गोळा आणि त्याला वर जाड कडी, एवढंच केटलबेलचं रूप. ऑनलाइन दुकानांत ती 'एकाच साधनात संपूर्ण शरीराचा व्यायाम' या नावाखाली विकली जाते. दुसरा गट सांगतो, साधनांवर दमडी खर्च करू नका, जोर-बैठका पुरेशा आहेत. दोन्ही बाजू अर्धंच सांगतात. काही हालचालींत अंगाचं वजन कोणत्याही केटलबेलपेक्षा जास्त भार देतं, तेही फुकट. काही हालचालींत ते कमी पडतं. पैसे खर्च करायचे ते फक्त जिथे ते कमी पडतं तिथे, हे या मार्गदर्शनाचं सूत्र आहे.

घाईत असाल तर

- व्यायामाची सवय नसेल, तर पहिले सहा ते आठ आठवडे काहीही विकत घेऊ नका.
- त्यानंतर पहिली खरेदी 'ओढण्याच्या' व्यायामासाठी करा: पुल-अप बार किंवा रबरी बँड.
- केटलबेल त्यानंतर आणि एकच घ्या. नवख्या बाईसाठी 6 ते 8 किलो, नवख्या पुरुषासाठी 12 किलो ही साधारण सुरुवात. आधीपासून ताकद असलेल्याला 16 किलो चालते.
- वजनाइतकेच पैसे शिकण्यासाठी बाजूला ठेवा. केटलबेलचा स्विंग बघून येतो असं वाटतं, पण तो शिकावा लागतो.

'संपूर्ण शरीर' म्हणजे नेमकं काय?

जाहिरातीतल्या या शब्दाला मोजपट्टी लावायची असेल, तर स्नायूंची नावं पाठ करायची गरज नाही. पाच हालचाली लक्षात ठेवा: ढकलणं, ओढणं, बसून उठणं, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं, आणि वजन घेऊन चालणं. कोणताही कार्यक्रम या पाचांपैकी किती पुरवतो, ते पाहा. सोबत दमसास हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पहिला भाग झपझप चालण्यातून भागतो आणि त्याला चांगले बूट सोडले तर खर्च नाही. घरच्या साधनांचा प्रश्न येतो तो दुसऱ्या भागासाठी.

अंगाचं वजन: फुकटात किती मिळतं?

ढकलण्यापासून सुरू करू. जोर काढताना हातांवर किती भार येतो, याची प्रयोगशाळेत मोजमापं झाली आहेत. साध्या पुश-अपमध्ये तो शरीराच्या वजनाच्या सुमारे 64 टक्के असतो. गुडघे टेकवले तर 49 टक्के. हात 60 सेंटिमीटर उंच पलंगाच्या कडेवर ठेवले तर 41 टक्के, आणि उलट पायच तेवढ्या उंचीवर ठेवले तर 74 टक्के.

70 किलोच्या माणसासाठी हा हिशेब असा होतो: पलंगावर हात ठेवून सुमारे 29 किलो, गुडघे टेकवून 34, साधा पुश-अप 45 आणि पाय वर ठेवून 52 किलो. साधारण 200 रुपये किलो या भावाने 45 किलो लोखंड घ्यायचं म्हटलं तर 9,000 रुपये मोजावे लागतील. शिवाय भार कमी-जास्त करायला लागतात फक्त पलंग, खुर्ची आणि भिंत. ढकलण्यासाठी केटलबेल घेण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

पोट आणि कंबर सावरणाऱ्या स्नायूंचंही तसंच. प्लँक, कुशीवरचा प्लँक, पाठीवर झोपून कंबर उचलणं, यांना चटई पुरते.

बैठकांचं गणित वेगळं. पहिले काही आठवडे त्या पुरेशा जड वाटतात. मग पायांना सवय होते आणि 20 च्या जागी 50, 50 च्या जागी 100 काढाव्या लागतात. त्याने चिवटपणा वाढतो, पण ताकद त्या प्रमाणात वाढत नाही, आणि वेळ मात्र जातो. यावर फुकटचा उपाय आहे: एक पाय पुढे टाकून बसणं, मागचा पाय खुर्चीवर ठेवून बैठक काढणं, किंवा खाली जायला मोजून चार सेकंद घेणं. जिन्याच्या पायऱ्या चढणं हाही एका पायाचाच व्यायाम आहे.

खरी अडचण ओढण्याची. सपाट जमिनीवर अंगाचं वजन ओढायला काही सापडत नाही. लटकायला बार लागतो, नाहीतर भक्कम टेबलाखाली झोपून त्याची कड धरून छाती वर ओढावी लागते. दिवसभर संगणकापुढे पुढे झुकून बसणाऱ्यांना याच व्यायामाची सर्वाधिक गरज असते आणि घरच्या कार्यक्रमातून नेमका हाच गळतो. सूर्यनमस्कारात ढकलणं, वाकणं, ताणणं आहे, ओढणं नाही. कमरेतून वाकून वजन उचलणं आणि वजन घेऊन चालणं यांतही नुसतं अंग अपुरं पडतं.

आपल्या तालमींनी ही उणीव केव्हाच ओळखली होती. तिथे नुसत्या जोर-बैठका कधीच नव्हत्या. ओढण्यासाठी दोरीचा आणि लाकडी मल्लखांब होता. वजनासाठी गदा, मुद्गल आणि नाल होते. नाल म्हणजे मध्ये पकडीची जागा कोरलेलं जड दगडी कडं. काम पाहिलं तर केटलबेलच्या बरंच जवळचं.

केटलबेल: पैसे कशाचे द्यायचे?

केटलबेल मूळची रशियातली, तिथे तिला गिर्या म्हणतात. तिचं वजन 'पूड' या जुन्या मापात मोजलं जाई; एक पूड म्हणजे सुमारे 16.4 किलो. 16, 24 आणि 32 किलो हे आकडे त्यातूनच आले: एक, दीड आणि दोन पूड.

डंबेलचं वजन हाताच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असतं. केटलबेलचं वजन पकडीपासून दूर, खाली लोंबतं. म्हणून ती झुलवता येते. स्विंगमध्ये ती दोन पायांमधून मागे जाते आणि कमरेच्या झटक्याने छातीपर्यंत येते. हात फक्त दोरीचं काम करतात. मांड्यांची मागची बाजू, नितंब, पाठ आणि पकड असे सगळे एकदम कामाला लागतात आणि मिनिटभरात धाप लागते. अंगाच्या वजनाला न जमणारी, कमरेतून वाकून जोर लावण्याची हालचाल ती हीच. शिवाय एका हाताने ओढण्याचा रो, छातीशी वजन धरून काढलेल्या बैठका म्हणजे गॉब्लेट स्क्वॉट, आणि एका हातात वजन घेऊन सरळ चालणं. पाचपैकी तीन-चार हालचाली एका साधनात बसतात, ही गोष्ट खरी आहे.

चरबी जाळण्याचे आकडे मात्र सावधपणे वाचा. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मिनिटाला सुमारे 20 कॅलरी खर्च झाल्याचं दिसलं आणि तो आकडा जाहिरातींत फिरत राहिला. त्यात उतरलेले मोजके लोक केटलबेलचे सरावलेले होते आणि त्यांनी 20 मिनिटं जीव तोडून स्नॅच, म्हणजे केटलबेल एका झटक्यात डोक्यावर नेणं, मारले होते. नवख्याने पहिल्याच महिन्यात तसं काही करू नये. उलट डेन्मार्कमध्ये 40 नोकरदारांवर झालेल्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात मान, खांदे आणि कंबर यांचं दुखणं कमी झालं, पण दमसास वाढल्याचं दिसलं नाही. ग्राहकाने यातून घ्यायचं ते एवढंच: केटलबेल आणली म्हणून चालणं बंद करू नका.

बाजारभाव: ढोबळ अंदाज

खालचे आकडे रुपयांत आहेत. शहर, ब्रँड आणि सवलतीनुसार ते खाली-वर होतील.

- जमिनीवरची चटई, 6 मिलिमीटर जाडीची: 400 ते 1,000
- दाराच्या चौकटीत बसणारा पुल-अप बार: 600 ते 1,500
- भिंतीला बोल्टने लावायचा बार: 1,500 ते 3,000, शिवाय लावण्याची मजुरी
- वेगवेगळ्या जाडीच्या रबरी बँडचा संच: 500 ते 1,500
- पट्ट्यासह लाकडी रिंगांची जोडी: 1,200 ते 2,500
- प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट किंवा वाळू भरलेली केटलबेल: किलोला 90 ते 150
- ओतीव लोखंडाची केटलबेल: किलोला 150 ते 300
- वजन बदलता येणारी केटलबेल: 4,000 पासून 10,000 च्या पुढे
- खाली टाकायची जाड रबरी मॅट: 600 ते 2,000
- प्रशिक्षकाचं एक वैयक्तिक सत्र: 500 ते 1,000, मोठ्या शहरांत त्याहून जास्त

किंमतपट्टीवर न दिसणारा खर्च

*वाढत्या वजनाची शिडी.* केटलबेलचा सगळ्यात मोठा लपलेला खर्च हा. 8 किलो हलकी वाटायला लागली की 12 हवी, मग 16. तिन्ही मिळून 36 किलो. 200 रुपयांच्या भावाने 7,200 रुपये. 8 वरून 12 वर जाणं म्हणजे वजन एकदम दीडपट करणं, त्यामुळे मधली पायरीही हवीशी वाटते. जोर काढताना तीच पायरी हात खाली किंवा पाय वर घेऊन फुकट मिळते. दोनपेक्षा जास्त वजनं लागणार हे नक्की असेल, तर वजन बदलणारी केटलबेल स्वस्त पडू शकते. पण तिची कळ ढिली नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासायला हवं.

*घरातली माणसं.* अंगाचं वजन ज्याचं त्याच्यापाशी असतं. आजी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठेल, नात मागचा पाय खुर्चीवर ठेवून बैठका काढेल. केटलबेल मात्र सगळ्यांना एकच चालत नाही. चौघांच्या घरात 16 किलोची एकच आणली, तर ती बहुधा एकट्याचीच राहते.

*घर.* स्विंगसाठी चारही बाजूंनी मिळून साधारण सहा बाय सहा फूट मोकळी जागा लागते, आणि समोर टीव्ही किंवा काचेचं कपाट नको. डोक्यावर वजन न्यायचं असेल तर आधी छताकडे पाहा. वन बीएचकेत दिवाणखान्याच्या मधोमध पंखा असतो. हातातून सुटलेली 16 किलोची केटलबेल टाइल फोडते आणि बदलायला तीच टाइल सहसा मिळत नाही. खालच्या मजल्यावर आवाज जातो तो वेगळाच. त्यामुळे रबरी मॅटचा खर्च केटलबेलच्या किमतीतच धरा.

*दार.* चौकटीवर अडकवायच्या बारला वर बाहेर आलेली पट्टी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये ती नसते. फिरवून घट्ट करायचा बार गुळगुळीत ग्रॅनाइटच्या चौकटीत घसरू शकतो, आणि पातळ लाकडी चौकट त्याने सैल होते. मागवण्याआधी चौकटीची रुंदी आणि खोली मोजा. भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोकं पाडण्यापूर्वी मालकाला विचारा, नाहीतर अनामत रकमेतून कापून जाईल. 11 महिन्यांच्या करारावर घरं बदलणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं, की प्रत्येक वेळी ते लोखंड आपल्याबरोबर चौथ्या मजल्यावर चढणार आहे.

*शिकणं.* जोर चुकला तर बहुधा माणूस जमिनीवर बसतो. स्विंग चुकला तर कंबर धरते. पाठ गोल करून केटलबेल उचलणं, हातांनी ती वर खेचणं, शेवटी मागे रेलणं, या नेहमीच्या चुका आहेत. दोन-तीन सत्रांचे 1,000 ते 3,000 रुपये हा या खरेदीचाच भाग समजा. फिजिओथेरपीचा खर्च याहून सहज जास्त होतो.

एका वापरामागे किती रुपये?

कोणतीही वस्तू स्वस्त की महाग, हे ती किती वेळा वापरली त्यावर ठरतं.

वस्तीतल्या जिमची वर्षाची फी 12,000 रुपये धरू. आठवड्यातून तीनदा वर्षभर गेलात तर 156 खेपा होतात, एका खेपेला सुमारे 77 रुपये. तीन महिन्यांनी सुटलं तर 39 खेपा होतात आणि तीच खेप 308 रुपयांना पडते.

3,000 रुपयांची लोखंडी केटलबेल आठवड्यातून दोनदा, पाच वर्षं वापरली तर 520 वापर होतात, प्रत्येकाला सहा रुपयांहून कमी. दहा वेळा वापरून पलंगाखाली गेली, तर प्रत्येक वापर 300 रुपयांचा. लोखंडाला एक मोठा आधार आहे: ते झिजत नाही. चांगली केटलबेल वापरूनही विकली जाते, जिमची उरलेली वर्गणी सहसा परत मिळत नाही. याच कारणाने वापरलेली घेणं हा शहाणपणाचा सौदा ठरतो. वापरलेली केटलबेल तडे आणि गंज पाहून खुशाल घ्या. वापरलेले रबरी बँड मात्र घेऊ नका, ते तुटून तोंडावर बसतात.

जिम घ्यायचीच असेल, तर 22 सप्टेंबर 2025 पासून जिम, हेल्थ क्लब आणि योग केंद्रांच्या सेवेवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरपत्रकावर 18 टक्के लावून बिल दिलं जात असेल तर विचारा.

केटलबेल घेताना काय पाहाल?

1. *पकड.* कडीची जाडी साधारण 33 ते 35 मिलिमीटर असली तर बहुतेक हातांना बरी. कडीच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. ओतकामाची धारदार रेघ लागली तर तळहात सोलून निघेल.
2. *कडीतली जागा.* दोन्ही हात आत बसले पाहिजेत. स्वस्त प्लास्टिकच्या केटलबेलमध्ये नेमकी हीच जागा अपुरी असते.
3. *आकार.* सिमेंट हलकं असल्याने तेवढ्याच वजनाचा गोळा मोठा होतो आणि मनगटावर, हातावर आपटतो. 6-8 किलोपर्यंत हे चालवून घेता येतं, त्यापुढे लोखंडच घ्या.
4. *बूड.* सपाट हवं. डगमगणारी केटलबेल जमिनीवरून उचलताना मनगट मुरगळतं.
5. *लेप.* पावडर कोटिंग घामातही पकड सोडत नाही. चकचकीत रंग सुंदर दिसतो पण निसटतो. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात लोखंडावर गंज चढतो. वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, कडीला तेल लावू नका.
6. *वजन.* घरी आल्यावर वजनकाट्यावर आधी नुसते आणि मग केटलबेल घेऊन उभे राहा. फरक म्हणजे तिचं खरं वजन.
7. *वेष्टन.* त्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर मूळ देश, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असायलाच हवा.
8. *परतीची अट.* जड मालावर बऱ्याचदा 'फक्त बदली' किंवा 'परत नाही' लिहिलेलं असतं. मागणी नोंदवण्याआधी वाचा आणि डबा उघडतानाचं चित्रीकरण ठेवा.

तीन बजेटं

*शून्य रुपये.* जोर पलंगावर किंवा जमिनीवर, बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक. ओढण्यासाठी भक्कम टेबल, नाहीतर महापालिकेच्या बागेतल्या ओपन जिमचा बार. वजन घेऊन चालायला जुन्या कॉलेजच्या सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. एक लिटर म्हणजे एक किलो. चालणं रोज. सुरुवात करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे पहिले दोन महिने पुरतं.

*2,000 रुपयांपर्यंत.* चटई आणि पुल-अप बार. चौकट धड नसेल तर बारऐवजी बँड. पुल-अप येत नसेल तरी बार वाया जात नाही: नुसतं लटका, मग स्टुलावरून वर जाऊन सावकाश खाली या. एवढ्या पैशांत पाच हालचालींतली सर्वांत मोठी उणीव भरते, त्यामुळे रुपयागणिक सर्वाधिक फायदा इथेच आहे.

*6,000 ते 7,000 रुपयांपर्यंत.* वरच्या गोष्टींसोबत ओतीव लोखंडाची एक केटलबेल, रबरी मॅट आणि प्रशिक्षकाची दोन सत्रं. इथून पुढे वर्षभर आणखी काही घ्यायची गरज नाही.

केटलबेलसाठी तयार आहात का?

झाडूचा दांडा पाठीवर उभा धरा: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकला पाहिजे. आता गुडघे जरा सैल सोडून कमरेतून पुढे वाका. दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला तर हालचाल जमली. सोबत 20 व्यवस्थित बैठका आणि 30 सेकंदांचा प्लँक न थरथरता जमत असेल, तर खरेदीला हरकत नाही. दांडा सुटत असेल तर आणखी काही आठवडे हीच हालचाल रिकाम्या हातांनी करा.

आठवड्याचा साधा आराखडा

दिवसाआड, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. आधी पाच मिनिटं सावकाश सूर्यनमस्कार किंवा जागेवर चालून अंग गरम करा.

- जोर: जमेल त्या उंचीवर, 8 ते 12, तीन वेळा
- बैठका: 10 ते 15, तीन वेळा; केटलबेल असेल तर छातीशी धरून 8 ते 10
- ओढणं: बार, टेबल, बँड किंवा केटलबेलचा रो, 8 ते 10, तीन वेळा
- कंबर उचलणं: 12 ते 15, तीन वेळा, स्विंग शिकला असाल तर त्याऐवजी 10 स्विंग, पाच वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती
- प्लँक: 20 ते 30 सेकंद, तीन वेळा
- शेवटी सॅक किंवा केटलबेल घेऊन तीन-चार मिनिटं चालणं, हात बदलत

प्रत्येक फेरी संपताना आणखी दोन-तीन निघाले असते असं वाटलं पाहिजे. पाच-सहा सहज निघाले असते असं वाटलं तर व्यायाम अवघड करा. वहीत आकडे लिहून ठेवा. पुढची खरेदी करायची की नाही, ते वहीच सांगेल.

आधी डॉक्टरांना विचारावं असे

रक्तदाब आटोक्यात नसलेले, हृदयविकार किंवा हर्निया असलेले, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, कमरेतून पायात कळ जाणारे, आणि मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेले. श्वास कोंडून जड वजन उचलल्याने रक्तदाब अचानक चढतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. व्यायाम करताना छातीत दाब, चक्कर किंवा हातात मुंग्या आल्या तर तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

माल किंवा सेवा खराब निघाली तर

पावती घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत घ्यायला, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीदेखील. त्यामुळे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तडा गेलेल्या केटलबेलला लागू होत नाही.

जिममध्ये वर्षाचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: आजारपणात सदस्यत्व थांबवता येईल का, शाखा बंद पडली तर पैसे परत मिळतील का, आणि सदस्यत्व दुसऱ्याच्या नावे करता येईल का. तोंडी आश्वासनाला महत्त्व देऊ नका. शक्य असेल तर पहिली फी तीन महिन्यांचीच भरा, मग 'वर्षाचं पॅकेज स्वस्त पडतं' असं कितीही सांगोत.

तक्रार आधी विक्रेत्याकडे लेखी करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची.

मग आज काय करायचं?

आज रात्री मोबाइलवर काही मागवू नका. उद्या सकाळी पलंगाच्या कडेवर हात ठेवून किती जोर निघतात ते मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. दोन महिने वहीची पानं भरत गेली, तर बार घ्या. आणखी तीन महिन्यांनीही भरत असतील आणि दांड्याची चाचणी पार झाली असेल, तर केटलबेल घ्या. मध्येच पानं कोरी राहिली, तर निदान सहा-सात हजार रुपये वाचले, आणि पुन्हा सुरुवात करायला तेव्हाही काही विकत घ्यावं लागणार नाही.